पोर्टल वाजतो पण काही सापडत नाही: अलार्मची मर्यादा वाढवावी का?

तुमची अडचण मला समजली ती अशी. फाउंड्रीत रोज १५-२० ट्रक भंगार येतं. चार महिन्यांपूर्वी वजनकाट्याजवळ पोर्टल मॉनिटर बसवला, म्हणजे ट्रक ज्यांच्यामधून जातो ते भंगारातला किरणोत्सर्ग ओळखणारे दोन खांब. आठवड्यातून दोन-तीनदा तो वाजतो, पण तोच ट्रक पुन्हा फिरवला की गप्प राहतो आणि हातातल्या मीटरवरही काही दिसत नाही. म्हणून वरिष्ठ म्हणतायत की अलार्मची मर्यादा थोडी वर न्या. शिवाय तुम्ही विचारलंय की वाजलाच, तर ट्रक माल पाठवणाऱ्याकडे परत का पाठवू नये.

दोन्ही गोष्टी करू नका. मी गेली २२ वर्षं पोलाद कारखान्यांत किरणोत्सर्ग सुरक्षेचं काम करतोय, आणि हे दोन्ही मोह मला चांगले माहीत आहेत. काट्यावर ट्रकांची रांग लागलेली असताना "वाजला असेल उगाच" म्हणावंसं वाटतंच. ज्या अलार्मचं कारण सापडत नाही, त्याला तुम्ही 'खोटा' म्हणताय. माझ्या नोंदवहीत तो शब्दच नाही. तिथे दोनच रकाने आहेत: 'कारण सापडलं' आणि 'तपास अपुरा'. तुमच्याकडे यंत्र जास्त बोलतंय असं मला वाटत नाही. ते बोलल्यानंतर पुढे काय करायचं, ही घडी अजून बसलेली नाही, असं दिसतंय.

आधी पोर्टलला नेमकं काय दिसतं ते बघू. सोर्समधून, म्हणजे उपकरणात बंद केलेल्या किरणोत्सर्गी पदार्थातून, निघालेल्या किरणांपैकी ट्रकमधल्या धातूतून वाट काढून जे बाहेर येतात, तेवढेच त्याला दिसतात. सीझियम-१३७ आणि कोबाल्ट-६० हे अशा सोर्समधले नेहमीचे किरणोत्सर्गी पदार्थ. सीझियमचे गॅमा किरण निम्मे व्हायला दीडएक सेंटीमीटर भरीव पोलाद पुरतं, कोबाल्ट-६० ला सुमारे दोन. भंगार काही भरीव नसतं. घनमीटरला एक टन भरतं असं धरलं, तर ते पोलादाच्या आठव्या हिश्श्याइतकं दाट झालं. म्हणजे साधारण दर १२ सेंटीमीटर भंगारामागे सीझियमचे किरण निम्मे. सोर्स ट्रकच्या मधोमध, बाजूपासून सव्वा मीटर आत पडला असेल, तर बाहेर येईपर्यंत ते दहा वेळा निम्मे होतात, हजारात एक उरतात. त्यात सोर्स स्वतःच्या पाच सेंटीमीटर शिशाच्या कवचात असेल, तर आणखी दोनशेत एक. हिशेब ढोबळ आहे. विखुरलेले किरण धरले तर प्रत्यक्षात बरेच जास्त पोचतात. पण अंदाज यावा म्हणून सांगितलं. मॉनिटर जेमतेम वाजला, तर आत जेमतेमच काही असेल असं नाही. भक्कम कवचातला मोठा सोर्स बाहेरून तसाच दिसतो.

आता मर्यादेचा हिशेब. समजा तुमच्या डिटेक्टरला एरवी सेकंदाला २००० काउंट मिळतात, म्हणजे तेवढे किरण त्यात नोंदले जातात. हे बॅकग्राउंड: जमीन, काँक्रीट, आकाशातून येणारे किरण. यात नुसत्या योगायोगाने होणारा चढउतार त्या आकड्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे ४५ च्या आसपास असतो. मर्यादा त्याच्या पाचपट वर ठेवली, तर ती २२५ काउंट वर बसते. पण भरलेला ट्रक समोर आला की तो जमिनीकडून येणारे किरण अडवतो, आणि बॅकग्राउंड १५ टक्के घसरणं अगदी नेहमीचं आहे. हे ३०० काउंट कमी झाले. तुमच्या यंत्राचं सॉफ्टवेअर ही सावली धरत नसेल, तर सोर्सला आधी ३०० चा खड्डा भरायचा आणि मग २२५ वर चढायचं. म्हणजे यंत्र आधीच दबल्या आवाजात बोलतंय, आणि तुम्ही मर्यादा आणखी वर न्यायला निघालात. तुमचं यंत्र सावलीची दुरुस्ती करतं का, हे बसवणाऱ्या कंपनीला आजच विचारा. नवीन यंत्रं बहुतेक करतात, पण ती सोय चालू केलेली नसते असंही मी पाहिलंय.

पुन्हा फिरवल्यावर ट्रक का वाजत नाही, याची कारणं तुमच्या वेगात आणि अंतरात शोधा. ट्रक दुप्पट वेगाने गेला की सोर्स डिटेक्टरसमोर निम्माच वेळ राहतो. पहिल्यांदा काट्यावर चढताना ड्रायव्हर आपोआप हळू असतो. दुसऱ्यांदा तो वैतागलेला असतो आणि सुसाट काढतो. ताशी पाच ते आठ किलोमीटर, म्हणजे माणूस भरभर चालेल तेवढा वेग, याच्यावर जाऊ देऊ नका. गतिरोधक घाला. सूचनेच्या पाटीने हे काम होत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्यासमोर घडलेली एक गोष्ट सांगतो. एका बंद पडलेल्या कागद गिरणीच्या यंत्रांचं भंगार आलं होतं. पहिल्या फेरीत अलार्म वाजला, दुसऱ्या फेरीत नाही. मागे सात ट्रक उभे. मी ट्रकच्या दोन्ही बाजूंनी मीटर फिरवला. बॅकग्राउंड ०.१० मायक्रोसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) प्रति तास, आणि एका जागी काटा ०.१५-०.१६ ला जाऊन परत आला. मी सोडून देणार होतो. मग सहज म्हणून पहिल्या फेरीचा आलेख उघडला. त्यात एकच अरुंद सुळका होता, फक्त डाव्या खांबावर, तोही खालच्या डिटेक्टरवर. तो सुळका आणि मीटर जिथे हलला ती जागा एकच निघाली. ट्रक बाजूला घेतला, चालण्याच्या वेगाने तिसऱ्यांदा काढला, आणि तो वाजला.

किरणोत्सर्गावर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थेशी फोनवर बोलून, मीटर चालू ठेवून आम्ही माल थर-थर उतरवला. एका गिअरबॉक्सच्या कव्हराखाली ओतीव लोखंडाचा नारळाएवढा एक गोळा होता, एका बाजूला फ्लँज असलेला. त्यावर कारखान्यातल्या इतर यंत्रांसारखाच राखाडी रंग मारलेला होता. रंगाचा पोपडा निघाला होता तिथे चार रिव्हेटची भोकं दिसली. पाटी कुणीतरी काढून घेतली होती, आणि धोक्याचं त्रिदल चिन्ह त्या पाटीवरच असणार. किरणांची वाट उघड-बंद करणाऱ्या शटरची दांडी गंजून अर्ध्यात अडकली होती, कुलपाची जागा रिकामी. चिकटवून धरल्यावर ६० मायक्रोसिव्हर्ट प्रति तास, एक मीटरवर जेमतेम ०.७. टाकीतली पातळी मोजायचं ते उपकरण होतं, आत सीझियम-१३७. ते भट्टीत गेलं असतं, तर काय झालं असतं याचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

म्हणून आलेख वाचायला शिका. अरुंद सुळका एखाद्या ठिकाणी पडलेल्या वस्तूचा असतो. ट्रकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला बसका उंचवटा बहुधा नैसर्गिक किरणोत्सर्गाचा असतो: भट्टीच्या जुन्या विटा, झिर्कॉन वाळू, राख, किंवा तेलविहिरींच्या पाइपांत आत बसलेला रेडियमचा थर. हा शेवटचा प्रकार मात्र 'नैसर्गिक' म्हणून सोडून द्यायचा नाही. तो थर खरवडला, पाइप गॅसने कापला, की धूळ छातीत जाते. सुळका केबिनच्या जागी असेल तर आधी ड्रायव्हरला खाली उतरवून ट्रक दुसऱ्याकडून चालवून घ्या. थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ घेतलेला किंवा नुकतंच टेक्नेशियमचं स्कॅन झालेला माणूस पोर्टल सहज वाजवतो. त्याची विचारपूस चारचौघांत करू नका. तो आजारी आहे आणि ते सांगायला तो बांधील नाही. तपास ट्रकचा चाललाय, हे लक्षात ठेवा.

अलार्मची वेळ आणि पावसाची वेळ जुळते का, हेही पाहा. पावसाची जोरदार सर हवेतल्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूपासून तयार झालेली मूलद्रव्यं जमिनीवर आणून टाकते, बॅकग्राउंड चढतं आणि तास-दोन तासांत उतरतं. तुमचे काही अलार्म यातले असू शकतात. पण हे नोंदींवरून सिद्ध करा, अंदाजाने नको.

हातातल्या मीटरबद्दल. तुमच्याकडे बहुधा साधा गायगर मीटर असेल. तो मात्रा मोजायला ठीक आहे, पण शोधायला मंद. शोधासाठी सोडियम आयोडाइडचा किंवा तशाच सिंटिलेशन स्फटिकाचा, म्हणजे किरण पडला की लुकलुकणाऱ्या स्फटिकाचा, मीटर घ्या. आवाज चालू ठेवा, कारण कान काट्याच्या आधी ओळखतो. ट्रकच्या पत्र्यापासून वीतभर अंतरावर, सेकंदाला दहा-पंधरा सेंटीमीटर एवढ्याच वेगाने सरकवा. आडव्या पट्ट्या पाडत जा आणि खालून तळही तपासा. एका मोठ्या ट्रकला नीट करायचं तर अर्धा तास लागतो. पाच मिनिटांत झालं असेल, तर झालं नाही असं समजा. गायगरची आणखी एक सवय जिवावर बेतू शकते: किरणोत्सर्ग फार तीव्र असेल तर मीटरमधल्या काही नळ्या गुदमरतात आणि मीटर शून्याजवळ येतो. म्हणून मीटर लांबूनच चालू करून जवळ जायचं. चढत चढत गेलेला काटा अचानक पडला, तर मागे फिरायचं.

मी पाळतो तो क्रम असा आहे. अलार्म आला की ट्रक रांगेतून काढून ठरलेल्या मोकळ्या जागी. तीन फेऱ्या, संथ, त्यातली एक शक्य असेल तर उलट दिशेने. यातल्या कुठल्याही एका फेरीत वाजला तर अलार्म खरा धरायचा. तिन्हींत गप्प राहिला, तरी पहिल्या फेरीचा आलेख बघून, मीटरने ट्रक पूर्ण फिरून, मगच सोडायचा, आणि तोही वेगळ्या जागी, पातळ थरात उतरवून. काही सापडलं, तर मीटर १०० मायक्रोसिव्हर्ट प्रति तास दाखवतो त्या रेषेच्या आत कुणीही जाणार नाही. कवच फुटलेला धोकादायक सोर्स असल्याची शंका असेल, तर आधी चहूबाजूंनी ३० मीटर मोकळं करायचं आणि मोजणी नंतर. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पहिल्या प्रतिसादासाठीच्या सूचनांमध्ये हेच आकडे आहेत. त्यानंतर फोन नियामक संस्थेला. वस्तू हाताने उचलायची नाही, कापायची नाही, पाटी वाचायला घासायचीही नाही. फोटो लांबून झूम करून काढा. कुणी हात लावला असेल, तर त्याला तिथेच थांबवून हातांची आणि कपड्यांची दूषितता तपासा. घरी पाठवू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ट्रक परत पाठवला तर तुमच्या अंगणातली कटकट जाते, सोर्स जात नाही. पाठवणारा व्यापारी भला असला, तरी त्याच्याकडे मीटर नसतो. तो तोच माल दुसऱ्या दिवशी मीटर नसलेल्या भट्टीला विकेल, किंवा आवारात कुणीतरी ते जड डबडं शिशासाठी फोडेल. ब्राझीलमधल्या गोयानियात सप्टेंबर १९८७ मध्ये हेच झालं. सोडून दिलेल्या रुग्णालयातलं उपचाराचं यंत्र भंगारात गेलं, सीझियम क्लोराइडची कॅप्सूल फुटली आणि अंधारात चमकणारी निळी पूड लोकांनी कौतुकाने घरी नेली. चार माणसं गेली, २४९ जणांच्या शरीरावर किंवा शरीरात दूषितता सापडली, एक लाखाहून अधिक लोक तपासावे लागले. दिल्लीत मायापुरीला एप्रिल २०१० मध्ये विद्यापीठातून लिलावात आलेलं, अनेक वर्षं न वापरलेलं कोबाल्ट-६० चं यंत्र भंगार म्हणून सुटं केलं गेलं आणि एक कामगार मरण पावला. थायलंडमध्ये समुत प्राकानला २००० साली तिघे गेले, तेही कोबाल्ट-६० च्या भंगारातूनच. या तिन्ही ठिकाणी मेलेल्या माणसांना आपण काय हाताळतोय हे माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत आहे. म्हणून ट्रक तुमच्याकडेच थांबला पाहिजे.

ज्याच्यामुळे ट्रक थांबला त्याचा खर्च कोणी सोसायचा, विल्हेवाट कोणी लावायची, हे देशादेशांत वेगळं आहे. ते आत्ताच, शांत वेळी, पुरवठादारांशी करारात लिहून घ्या. अलार्म आल्यावर भांडत बसलात तर ट्रक कुणीतरी रात्री काढून नेईल.

पोर्टलला मुळातच न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. अमेरिशियम-२४१ चे किरण फार कमी ऊर्जेचे, फक्त ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे, एक मिलिमीटरपेक्षा कमी पोलादात ते निम्मे होतात. स्ट्रॉन्शियम-९० बीटा कण सोडतो, ते पत्र्याबाहेर येतच नाहीत. यांच्यासाठी डोळे लागतात. तुमच्या ग्रॅब (भंगार उचलणारा यांत्रिक पंजा) चालवणाऱ्याला, चुंबक चालवणाऱ्याला आणि गॅस कटरवर बसणाऱ्याला मोजमापाच्या उपकरणांचे, उपचारयंत्रांच्या डोक्यांचे, सोर्सच्या शिशाच्या भांड्यांचे फोटो दाखवा. आकाराच्या मानाने फार जड वस्तू, जाड पोलादात ओतलेलं शिसं, एका तोंडाशी छोटी खिडकी आणि दांडी, चकचकीत स्टेनलेसची बोटाएवढी कॅप्सूल: यातलं काहीही दिसलं की काम थांबवून बोलवायचं. २००७ साली आलेलं लाल त्रिकोणातलं, कवटी आणि पळणारा माणूस असलेलं चिन्ह त्यांना आवर्जून ओळखीचं करून द्या, कारण ते मुद्दाम अडाण्यालाही कळावं म्हणून काढलेलं आहे. पण जुन्या उपकरणांवर ते नसतं, आणि पाटी नसली की काहीच नसतं.

जमलं तर दुसरी नजर ग्रॅबवर किंवा भट्टीच्या बकेटजवळ ठेवा. तिथे एका वेळी थोडंच धातू समोर असतं, त्यामुळे गेटवर दडलेलं तिथे उघडं पडतं. माझ्या मते गेटचा मॉनिटर आणखी महाग घेण्यापेक्षा हा पैसा जास्त उपयोगी पडतो.

शेवटी भट्टीनंतरची तपासणी. इतकं करूनही एखादा सोर्स वितळू शकतो, आणि तो कुठे जातो हे मूलद्रव्यावर ठरतं. कोबाल्ट आणि इरिडियम पोलादात मिसळतात. सीझियमची वाफ होते, ते धुरासोबत जाऊन गाळणीच्या धुळीत बसतं. रेडियम, थोरियम, अमेरिशियम बहुतांशी स्लॅगमध्ये, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या मळीत. म्हणून प्रत्येक हीटचा (भट्टीतून एका वेळी निघणाऱ्या धातूचा) नमुना, स्लॅग आणि धूळ हे तिन्ही मोजायचे. ३० मे १९९८ ला स्पेनमध्ये अल्जेसिरासजवळच्या एका पोलाद कारखान्यात सीझियमचा सोर्स गेटवरच्या मॉनिटरला न सापडता वितळला. फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली आणि जर्मनीतल्या हवेच्या मोजणीत त्याचा माग लागला. पोलाद मात्र जवळजवळ स्वच्छ होतं. नुसतं पोलाद मोजणाऱ्याला तिथे काहीच कळलं नसतं. उलट मेक्सिकोत सिउदाद हुआरेसला १९८३ च्या डिसेंबरात उपचारयंत्रातल्या कोबाल्ट-६० च्या हजारो बारीक गोळ्या भंगारात विखुरल्या आणि सळ्यांमध्ये उतरल्या. पुढच्या महिन्यात सळ्यांचा एक ट्रक अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या अणुप्रयोगशाळेजवळून जाताना तिथला मॉनिटर वाजला म्हणून ते उघड झालं. तोवर सळ्या विकल्या गेल्या होत्या आणि पुढे त्या वापरलेली काही घरं पाडावी लागली. तुम्ही छोटी फाउंड्री आहात, प्रत्येक हीटला महागडं यंत्र परवडणार नाही. पण धुळीच्या गाळणीजवळ एक साधा डिटेक्टर कायम लावून ठेवणं तुम्हाला जमण्यासारखं आहे.

तर सध्या मर्यादा आहे तिथेच ठेवा, आणि येत्या आठवड्यात एक करून बघा. तपासणीचा छोटा, परवानगी असलेला सोर्स तुमच्याकडे किंवा यंत्राच्या कंपनीकडे असेल. किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली तो भरलेल्या ट्रकमध्ये आधी डाव्या पत्र्याजवळ, मग मधोमध, मग तळाशी ठेवून प्रत्येक वेळी पाच आणि पंधरा किलोमीटर वेगाने ट्रक काढा. प्रत्येक आलेख छापून काट्याच्या खोलीत लावा आणि मर्यादा वाढवायला सांगणाऱ्या वरिष्ठांना तिथे बोलवा. मधोमध ठेवलेला सोर्स पंधराच्या वेगाने बहुधा वाजणार नाही. त्या दिवशी मिळालेले आकडे मला कळवा. तुमच्या यंत्राचं मॉडेल आणि ट्रक खांबांपासून किती अंतरावरून जातो हेही लिहा, म्हणजे मर्यादा नेमकी कुठे असावी ते तुमच्या जागेपुरतं बसून काढू.